पंधरा किलोंत माहेर कसे मावणार?

पत्राचा सारांश: सांगलीच्या एका वाचक भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या असून त्यांचे वय ६१ आहे. एकुलती एक मुलगी गुरुग्रामला नोकरी करते. नोकरी आणि डॉक्टर दोन्ही तिथलेच असल्यामुळे तिचे पहिले बाळंतपण सांगलीला न होता जानेवारीच्या अखेरीस तिथेच होणार आहे. त्यासाठी हे दांपत्य पुण्याहून दिल्लीला कमी भाड्याच्या विमानाने जाणार असून मुक्काम दोन-अडीच महिन्यांचा आहे. मागच्या वेळी पुणे विमानतळावर त्यांच्या बॅगेचे वजन १९ किलो भरले, यजमानांच्या बॅगेचे १३. तिकिटे वेगवेगळी काढलेली असल्यामुळे काउंटरवर दोन्ही वजने एकत्र धरायला नकार मिळाला. फरशीवर बॅगा उघडून सामान इकडचे तिकडे करताना लोणच्याची बरणी फुटली, रांगेतले लोक पाहत राहिले आणि तरीही वर राहिलेल्या दोन किलोंचे पैसे भरावे लागले. हातात त्या वेळी पर्स आणि एक कापडी पिशवी एवढेच होते. तेव्हापासून यजमानांचा हेका आहे की काही न्यायचे नाही, तिथे सगळे मिळते. मुलगीही फोनवर तेच म्हणते. यंदाची यादी मात्र पन्नास किलोंच्या पुढे गेली आहे: डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, खोबरे, साजूक तूप, कांदा-लसूण मसाला, हळद, बेदाणे, भडंग, लिंबाचे लोणचे, लोखंडी कढई, जुन्या सुती साड्यांची दुपटी आणि दोघांचे कपडे. बारशाला दीर-जाऊ रेल्वेने येणार आहेत. त्या विचारतात, ‘विमानात पंधरा किलोच नेऊ देतात. मग पहिल्या बाळंतपणाला आईने रिकाम्या हाताने जायचे का? जादा वजनाचे पैसे मुकाट्याने भरायचे, की सगळे सामान घेऊन मी एकटीनेच गोवा एक्स्प्रेसने जायचे? एकेका किलोसाठी विमान कंपन्या आमच्यासारख्या साध्या माणसांना का लुबाडतात?’

नमस्कार ताई,

चारचौघांसमोर फरशीवर बसून आपली बॅग उघडावी लागणे, त्यातले कपडे आणि डबे अनोळखी लोकांनी पाहणे, हा अनुभव पैशांच्या भुर्दंडापेक्षा जास्त टोचतो. तो तुम्हाला अजून टोचतो आहे, हे पत्रात ठिकठिकाणी दिसते. त्या दिवशी तुमचे काही मोठे चुकले म्हणून तो प्रसंग ओढवला, असे मला वाटत नाही. दोन तिकिटे वेगळ्या फोनवरून काढली गेली, घरातून निघताना बॅगा काट्यावर चढल्या नाहीत आणि नियम नेमका काय आहे हे काउंटरवर उभे राहिल्यावर कळले. यातली प्रत्येक गोष्ट घरी बसून टाळता येण्यासारखी आहे. वजनाचा वाद विमानतळावर घालून उपयोग नसतो. तो आठ दिवस आधी आपल्या स्वयंपाकघरात मिटवावा लागतो, हेच मला तुम्हाला सविस्तर सांगायचे आहे.

‘विमानात पंधरा किलोच नेऊ देतात’ हे तुमचे वाक्य अर्धेच खरे आहे. इंडिगो, अकासा एअर, स्पाइसजेट किंवा एअर इंडिया एक्सप्रेस यांच्या देशांतर्गत प्रवासाच्या नेहमीच्या तिकिटावर माणशी १५ किलो सामान चेक-इनला, म्हणजे विमानाच्या पोटात, देता येते आणि त्याशिवाय ७ किलोंपर्यंतची एक बॅग स्वतःजवळ ठेवता येते. म्हणजे तुम्हा दोघांच्या वाट्याला एकही रुपया जादा न भरता ४४ किलो येतात. मागच्या वेळी तुमच्या चेक-इनच्या बॅगा मिळून ३२ किलो झाल्या आणि हातात जवळजवळ काहीच नव्हते. वर राहिलेले दोन किलो त्या कापडी पिशवीत सहज बसले असते. घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी ते सुचत नाही. काउंटरवरच्या व्यक्तीने ते आपणहून सुचवायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

तिकिटांचेही तसेच आहे. दोघांची नावे एकाच पीएनआरवर असतील आणि दोघे एकत्र चेक-इन करत असतील, तर वजनाची बेरीज धरण्याची मुभा पुष्कळदा मिळते. पीएनआर वेगळे असतील, तर संगणकाच्या लेखी तुम्ही दोघे एकमेकांना न ओळखणारे प्रवासी असता. मात्र ही मुभासुद्धा गृहीत धरून चालू नये, कारण काही कंपन्यांचा नियम माणशी १५ किलो आणि तेही एकाच नगात असा आहे. तेच वजन दोन पिशव्यांत विभागून दिले तर दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे पडू शकतात. यंदाची तिकिटे कशी काढली आहेत ते आज मुलीला विचारून घ्या, आणि पीएनआर एक असो वा दोन, प्रत्येक बॅग आपापल्या मर्यादेत राहील अशीच भरा. तिकिटाचा प्रकारही याच वेळी पाहावा. अलीकडे चेक-इन सामान अजिबात धरलेले नसते असे आणखी स्वस्त भाडेही काही ठिकाणी दिसते, आणि घाईत मुले तेच निवडून मोकळी होतात.

आता ‘लुबाडतात’ या तुमच्या शब्दाविषयी. त्यात खरे किती आणि गैरसमज किती, हे वेगळे करून पाहायला हवे. विमानात प्रत्येक किलोची किंमत असते, हे खरेच आहे. जादा वजन वाहण्यासाठी दर तासाला त्या वजनाच्या साधारण दोन ते चार टक्के इंधन अधिक जळते, असा ढोबळ हिशेब धरला जातो. शिवाय उड्डाणापूर्वी प्रवासी, सामान आणि इंधन यांचे एकूण वजन आणि ते विमानात कुठे किती आहे याचा तक्ता तयार करावा लागतो, कारण विमानाचा तोल त्यावर अवलंबून असतो. पण पुणे ते दिल्ली या दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासात तुमच्या जादा दोन किलोंसाठी जळणारे इंधन शे-दीडशे ग्रॅमच भरेल. त्यासाठी किलोमागे काही शे रुपये घेतले जातात, ते इंधनाचा खर्च म्हणून नव्हे. कमी भाड्याच्या कंपन्यांचा व्यवसायच असा बांधलेला आहे, की तिकीट शक्य तितके स्वस्त ठेवायचे आणि सामान, आवडीची जागा, खाणे यांचे पैसे ज्याला हवे त्याच्याकडून वेगळे घ्यायचे. आपल्याकडे २००३ मध्ये एअर डेक्कनने ही पद्धत आणली आणि आज देशातले बहुतेक प्रवासी याच पद्धतीने उडतात. मोठ्या कंपन्याही तिकडेच सरकल्या आहेत. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या सर्वांत स्वस्त भाड्यातले मोफत सामान २० वरून १५ किलोंवर आणले.

तेव्हा विमानतळावरचा दर अवाजवी वाटतो ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण ज्या पद्धतीमुळे ते दोन किलो महाग पडले, त्याच पद्धतीमुळे तुम्हा दोघांची तिकिटे परवडण्याजोगी झाली आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय एक नियम असा आहे की ज्यावर माझा राग कधीच निघणार नाही: कितीही पैसे भरले तरी एकच बॅग ३२ किलोंपेक्षा जड असेल तर ती स्वीकारत नाहीत. लहान विमानांच्या पोटात बॅगा रचणाऱ्या माणसाला तिथे ताठ उभेही राहता येत नाही. तो गुडघ्यावर बसून, वाकून एकेक बॅग आत सारत असतो, आणि ही मर्यादा त्याच्या पाठीसाठी आहे.

आता तुमच्या यादीकडे येऊ. यादीत सर्वांत जड वस्तू कोणती आहे असे विचारले तर तुम्ही कढई म्हणाल. माझ्या मते ती तुमची सुटकेस आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कडक कवचाच्या मोठ्या सुटकेसचे रिकामे वजन चार ते पाच किलो भरते. दोघांच्या मिळून तुमच्या ३० किलोंपैकी आठ-दहा किलो काही भरण्याआधीच संपले. आता दोन-अडीच किलोंच्या कापडी ट्रॉली बॅगा मिळतात. त्या विकतच घ्यायला हव्यात असेही नाही. शेजारी, भाचा, शाळेतली मैत्रीण, कुणाकडे तरी असतेच, दोन महिन्यांसाठी मागून घ्या. पुढचा नंबर डब्यांचा. लाडवांचा स्टीलचा उभा डबा, तुपाची काचेची बरणी, मसाल्याची पितळी झाकणाची बरणी यांचे रिकाम्यानेच दीड-दोन किलो होतात. लाडू जाड प्लॅस्टिकच्या हलक्या डब्यात, मसाला आणि हळद दुहेरी पिशवीत घालून वरून पुठ्ठ्याच्या खोक्यात असे भरले तर तेवढे वजन खाण्यासाठी मोकळे होते. तूप रुंद तोंडाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत थिजवून भरा, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा आणि बरणी कपड्यांच्या मधोमध उभी ठेवा.

हे झाल्यावर प्रत्येक वस्तूपुढे तिचे वजन लिहा. वहीची एक ओळ पुरते. डिंकाचा एक लाडू ५० ग्रॅमचा धरला तर चाळीस लाडवांचे दोन किलो होतात. एक लिटर तूप ९०० ग्रॅमच्या आसपास भरते. भडंगाचे मात्र उलटे आहे: त्याला वजन नाही, पण ते अर्धी बॅग खाते आणि दाबले तर चुरा होते. म्हणून भडंग चेक-इनमध्ये भरू नये. हातातल्या बॅगेला ७ किलोंबरोबर आकाराचीही मर्यादा असते, इंडिगोच्या नियमात ती ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर आहे, म्हणून भडंगाचा एकच पुडा आणि तोही अगदी वर ठेवावा.

यानंतर यादीचे दोन भाग करा. दुकानात मिळणारे आणि हाताने केलेले. खारीक, बदाम, डिंक, अळीव, बेदाणे हे सगळे दिल्लीत मिळते, आणि नुसते मिळत नाही, तर जुन्या दिल्लीतली खारी बावली ही सुक्या मेव्याची आणि मसाल्यांची देशातली फार मोठी बाजारपेठ आहे. तासगावचा बेदाणा आपल्या अभिमानाचा असला तरी बाळंतिणीच्या शिऱ्यात तो किलोभर लागत नाही. पाव किलो न्या. सांगलीची हळद अर्धा किलो पुरे. पण घरी भाजून, कुटून केलेला कांदा-लसूण मसाला गुरुग्रामच्या कोणत्याही दुकानात मिळणार नाही, तुमच्या हातचे लाडू मिळणार नाहीत, आणि आजीच्या नेसून मऊ झालेल्या साडीचे दुपटे तर कुठेच मिळणार नाही. ‘तिथे सगळे मिळते’ हे यजमानांचे म्हणणे यादीच्या पहिल्या भागाला पूर्ण लागू पडते, दुसऱ्या भागाला अजिबात नाही. तुम्हा दोघांचा वाद बहुधा एवढ्यावरच मिटेल, कारण दोघेही यादीच्या वेगवेगळ्या भागाविषयी बोलत आहात. त्यांच्या ‘काही नको’मागे काउंटरवर आपल्या पत्नीला खाली बसून बॅग उपसताना पाहिल्याचा सलही असू शकेल. एकदा विचारून पाहा.

ताई, आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपल्याकडची रीत; ते तसे होत नाही याची चुटपुट तुमच्या मनात आहे का? पन्नास किलोंची यादी करताना आपण माहेरच उचलून तिच्या घरी न्यायला निघालो आहोत, असे तर होत नाही ना? ही माया मला फार जवळून कळते आणि ती कमी करा असे मी सांगणार नाही. पण मुलगी ‘काही आणू नकोस’ म्हणते तेव्हा ती तुमचे लाडू नाकारते आहे असे समजू नका. दिवस भरत आलेल्या मुलीच्या डोळ्यांपुढे ओझे ओढणारी, धाप लागलेली आई उभी राहत असेल आणि त्या भीतीने ती सरसकट नाही म्हणत असेल. तिला ‘काय आणू?’ असे विचारलेत तर उत्तर ‘काही नको’ हेच येणार. त्याऐवजी हाताने केलेल्या वस्तूंची यादी तिला पाठवा आणि म्हणा, ‘यातल्या पाच गोष्टी आणणार आहे, कोणत्या ते तू सांग.’ माझा अंदाज आहे की ती मसाला पहिल्या फटक्यात निवडेल आणि कढई शेवटपर्यंत निवडणार नाही. लाडू कधीपासून आणि किती द्यायचे हे तिच्या डॉक्टरांनाही विचारून घ्या. ते विचारल्यावर कदाचित चाळीसऐवजी वीसच लाडू न्यावेसे वाटतील.

तुमच्या यादीतली एक वस्तू वजनाचा प्रश्न येण्याआधीच गळायला हवी, ती म्हणजे सुके खोबरे. खोबऱ्याच्या वाट्या आपल्याला निरुपद्रवी वाटतात, पण त्यातल्या तेलामुळे साठवणीत खोबरे आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना ज्वलनशील पदार्थांत होते. मार्च २०२२ पासून आपल्याकडे ते चेक-इन सामानातही निषिद्ध आहे. बॅगेच्या तपासणीत वाट्या दिसल्या तर बॅग बाजूला काढतात, आणि मग तुम्हाला नको असलेला तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. लाडवांसाठी लागणारे खोबरे सांगलीतच भाजून, लाडू वळूनच न्या. बारशाच्या पूजेचा कापूर आणि काडेपेटीही घरीच ठेवा, तिथे घ्या. लोणचे, तूप आणि तिखट मसाला हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडवतात. या तिन्हींची जागा चेक-इनमध्येच. पॉवर बँकेचे नेमके उलटे: ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच हवी.

हातातल्या बॅगेत काय असावे, याचा विचार बहुतेक लोक शेवटी करतात, खरे तर तो आधी करायला हवा. तुमची आणि यजमानांची रोजची औषधे निदान आठवडाभराची, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मा, दागिना असेल तर तो, एक बदली कपडा आणि चार लाडू. जानेवारीत दिल्लीला धुके असते, विमाने तासन्तास उशिरा सुटतात, कधी दुसरीकडे वळवली जातात, आणि अशा वेळी चेक-इनची बॅग तुमच्या हाताशी नसते. रक्तदाबाची गोळी त्या बॅगेत राहिली तर हाल होतात. थंडीचे कपडे बॅगेत कोंबण्याऐवजी अंगावर घाला: स्वेटर, शाल, पायांत बूट. पहाटे सांगलीहून निघाल्यावर महामार्गावर तुम्हाला त्यांची गरज लागेलच, दिल्लीला उतरल्यावर तर लागेलच लागेल. दोघांचे मिळून तीन किलो बॅगेबाहेर राहतात. मात्र खिशांत डबे भरणे, बॅग काट्यावर ठेवताना खालून पायाचा आधार देणे असल्या युक्त्या कुणी सांगितल्या तर ऐकू नका. त्या निभावल्या तरी मनात धाकधूक राहते आणि पकडल्या गेल्या तर मान खाली जाते.

एवढे करूनही चार-पाच किलो जास्त भरत असतील तर पैसे भरा, आणि अपराधी न वाटता भरा. फक्त ते विमानतळावर भरू नका. जादा वजन आधीच, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून, ३ किंवा ५ किलोंच्या टप्प्यांत विकत घेता येते आणि ते काउंटरवरच्या दरापेक्षा स्वस्त पडते. उड्डाणाच्या काही तास आधी ही सोय बंद होते, म्हणून आदल्या दिवशी दुपारी अंतिम वजन करून मुलीकडून किंवा जावयांकडून ते घेऊन ठेवावे. दोन पीएनआर असतील तर ते ज्याच्या बॅगेसाठी हवे त्याच्याच तिकिटावर घ्या, नाहीतर पैसे भरूनही वाद उरतो. मुलीला पैसे भरायला लावायचे कसे, हा संकोच तुमच्या मनात येईल. ती रक्कम तिच्या हातात आहेर म्हणून ठेवता येतेच की.

गोवा एक्स्प्रेसचा तुमचा पर्याय मी गंभीरपणे घेतला. रेल्वेत सामानाची सवलत खरोखर मोठी आहे: वातानुकूलित तृतीय श्रेणीत आणि स्लीपरमध्ये माणशी ४० किलो, वातानुकूलित द्वितीय श्रेणीत ५० किलो. पण मिरजेहून हजरत निजामुद्दीनपर्यंतचा सव्वा दिवसाहून अधिकचा प्रवास, पन्नास किलो सामान, ६१ वर्षांचे वय आणि सोबतीला कुणी नाही, हे मला पटत नाही. तिथे पोहोचल्यावर दोन महिने रात्री-अपरात्री उठायचे आहे. पाठ आणि गुडघे त्यासाठी राखून ठेवा. बारशाला तुमचे दीर-जाऊ रेल्वेनेच येणार आहेत. कढई, उरलेले भडंग, पाळण्याचे सामान, बारशाची भांडी हे त्यांच्यासोबत येऊ द्या. ज्या वस्तू पहिल्या आठवड्यात लागणारच नाहीत त्या तुम्ही स्वतः पहिल्याच दिवशी वाहून न्यायच्या कशासाठी? दुपटी, जाड कपडे, न फुटणाऱ्या आणि न नासणाऱ्या वस्तू टपालाने पाठवणे हाही चांगला मार्ग आहे. स्पीड पोस्टाने ३५ किलोंपर्यंतचे पार्सल जाते आणि किलोमागचा खर्च विमानतळावरच्या दंडापेक्षा बराच कमी येतो. दुपटी पोस्टात गहाळ झाली तर, ही भीती मात्र मी समजू शकते. त्या साड्यांना पर्याय नाही. त्या तुमच्याच हातातल्या बॅगेत जाव्यात.

तुमच्यासारखाच प्रश्न पडणाऱ्या इतरांसाठी थोडे लिहिते. शिकायला जाणाऱ्या मुलांनी विद्यार्थ्यांसाठीचे सवलतीचे भाडे निवडले तर काही कंपन्या त्यात दहा किलोंपर्यंत जादा सामान देतात. पुस्तके घेऊन जाणाऱ्या मुलासाठी हा मोठा आधार असतो. ओळखपत्र मात्र जवळ असावे लागते. दिल्ली किंवा मुंबईहून पुढे परदेशी जाणाऱ्यांनी पुणे ते दिल्लीचे तिकीट वेगळे काढले असेल तर देशांतर्गत टप्प्यावर १५ किलोंचाच नियम लागू होऊ शकतो, पुढचे विमान ४६ किलो नेऊ देत असले तरी. म्हणून शक्यतो संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढावा. आणि युरोपात मुलांकडे जाऊन तिथून स्वस्त विमानाने फिरणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावे, की रायनएअर किंवा ईझीजेटच्या साध्या तिकिटात समोरच्या आसनाखाली मावेल एवढीच बॅग मोफत असते. तिथे काट्यापेक्षा मापाच्या चौकटीचा धाक जास्त.

शेवटी त्या काउंटरविषयी. निघण्याच्या आदल्या दिवशी घरी स्प्रिंगच्या हातकाट्यावर किंवा माणसे वजन करतात त्या काट्यावर (आधी तुम्ही एकट्या उभ्या राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा) दोन्ही बॅगा साडेचौदा किलोंवर थांबवा. घरच्या काट्याचा भरवसा तेवढाच. आपल्या मार्केट यार्डात हळदीचे पोते चढवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का हे शेतकरी जसे पाहतो, तसे तुम्हीही बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वी आकडा शून्य दिसतो का ते पाहा. बॅगेचा पट्टा बाजूच्या कठड्याला टेकलेला नाही ना, तेही पाहा. आकड्याची शंका आली तर शांतपणे शेजारच्या काउंटरवर पुन्हा वजन करण्याची विनंती करा. अशी विनंती करणे उद्धटपणा नाही. तरीही काही वर भरलेच तर कोणती वस्तू बाहेर येणार हे आधीच ठरलेले असू द्या. बॅगेच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, चेन उघडताच हाती येईल अशी दीड-दोन किलोंची एकच पिशवी ठेवा, कपड्यांची किंवा लाडवांची, आणि हातातल्या बॅगेत तेवढी जागा आणि तेवढे वजन मोकळे सोडा. ती पिशवी इकडून तिकडे गेली की काम झाले, खाली बसावे लागणार नाही. पैसे भरायची वेळ आलीच तर पावती घ्या आणि तीवर किती किलो आणि कोणत्या दराने हे लिहिले आहे का ते वाचूनच पुढे जा. बोर्डिंग पास, ओळखपत्रे आणि सामानाच्या चिकटचिठ्ठ्या यजमानांकडे द्या.